एक कोटी लोकांचा अनोळखी प्रतिनिधी

लोकशाहीत काही पदांसाठी आपण हौसेनं मत देतो, काहींसाठी नाइलाजानं, आणि काही पदं अशी असतात की ती अस्तित्वात आहेत हेच मुळी मतपत्रिका हातात पडल्यावर कळतं. कॅलिफोर्नियात हा तिसरा प्रकार राज्यपालाच्या निवडणुकीबरोबर, दर चार वर्षांनी न चुकता उगवतो. राज्यपाल, उपराज्यपाल, ॲटर्नी जनरल, खजिनदार, विमा आयुक्त अशी भारदस्त मंडळी एकेक करून निकालात काढत पेन खाली सरकतं आणि एका ओळीपाशी अडखळतं : ‘सदस्य, स्टेट बोर्ड ऑफ इक्वलायझेशन, दुसरा जिल्हा’. इथे भलेभले मतदार चहा टाकायला उठतात.

हे राज्याचं कर मंडळ. कर मंडळ थेट मतदारांनी निवडून द्यायचं, असं करणारं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य. बाकीच्या एकोणपन्नास राज्यांनी ही माणसं नेमायचं काम सरकारवर सोडून दिलं आणि ती सुखानं झोपली. कॅलिफोर्नियानं मात्र ठरवलं की आपला खिसा कोणी रिकामा करायचा, हे आपणच ठरवू.

मंडळावर पाच जण. चार जण चार जिल्ह्यांतून निवडून येतात आणि पाचवा स्टेट कंट्रोलर, म्हणजे राज्याचा मुख्य हिशेबनीस, तो पदसिद्ध. यातला ‘जिल्हा’ हा आपल्या कलेक्टरच्या जिल्ह्यासारखा मुळीच नव्हे. राज्याची लोकसंख्या साधारण चार कोटी. तिचे चार तुकडे केले की एकेका वाट्याला जवळजवळ एक कोटी माणसं येतात. तिसरा जिल्हा म्हणजे बहुतेक सगळी लॉस एंजलिस काउंटी. आमचा दुसरा जिल्हा ओरेगॉनच्या सीमेवरच्या रेडवुडच्या जंगलातून निघतो तो किनाऱ्याकिनाऱ्यानं सॅन फ्रान्सिस्को, सॅन होजे घेत आणखी खाली उतरतो. वर धुक्यात उभे असलेले लाकूडतोडे आणि खाली सनीवेलमध्ये संगणकासमोर बसलेले आम्ही, सगळ्यांचा मिळून प्रतिनिधी एक. २०११च्या जनगणनेचे आकडे घेऊन महाराष्ट्राच्या लोकसंख्येला अठ्ठेचाळीस खासदारांनी भागलं, तर एका खासदारामागे तेवीस-चोवीस लाख माणसं येतात. म्हणजे आमचा हा कर मंडळाचा सदस्य चार खासदारांना खिशात घालून हिंडतो आणि तरीही त्याला रस्त्यात कोणी ओळखत नाही.

आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीत नेमकं उलट असतं. चाळीस बिऱ्हाडं, सगळे सगळ्यांना ओळखतात, कोणाच्या घरी कधी फोडणी पडते तेही माहीत, आणि खजिनदारकीचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम घरची कामं आठवतात. शेवटी जो त्या सभेला आलेला नसतो तो एकमतानं निवडून येतो. इथे कोणी कोणाला ओळखत नाही, काम काय ते ठाऊक नाही, आणि तरी प्रत्येक वेळी ही जागा हवी असणारे लोक रांग लावून उभे असतात. जूनच्या प्राथमिक फेरीत त्यांची गर्दी असते. त्यातून पक्ष कोणताही असो, पहिले दोन उरतात आणि नोव्हेंबरात समोरासमोर येतात.

मतदारानं यांच्यातून निवड कशी करायची, याची सोय कायद्यानं केलेली आहे. उमेदवाराच्या नावाखाली त्याचा व्यवसाय जास्तीत जास्त तीन शब्दांत छापता येतो. इथे उमेदवाराच्या प्रतिभेचा कस लागतो. आयुष्यात माणसानं काहीही केलेलं असो, ते तीन शब्दांत बसायला हवं आणि वाचून मतदाराला वाटायला हवं की हा आपल्या करात काहीतरी कमी करील. साधा ‘हिशेबतपासनीस’ लिहिला तर प्रामाणिक पण रुक्ष वाटतो. ‘लघुउद्योजक’ म्हटलं की यानं स्वतः कर भरलेला आहे अशी आशा वाटते. एक कोटी माणसांपैकी पुष्कळांच्या बाबतीत उमेदवाराची संपूर्ण ओळख म्हणजे हेच तीन शब्द. तीन शब्दांत समोरच्याला गप्प करायची कला पुण्याच्या पाट्यांना साधलेली आहे. पण तीन शब्दांत मत मागणं त्याहून अवघड.

नावांचा क्रमही नुसत्या ए-बी-सी-डीनं लागत नाही. यादीत पहिल्या आलेल्याला फुकटची मतं पडतात, हे न्यायालयालाही पटलेलं आहे. म्हणून प्रत्येक निवडणुकीआधी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात इंग्रजी मुळाक्षरांची सोडत निघते आणि त्या वेळेपुरती वर्णमालाच नव्यानं मांडली जाते. शाळेच्या इंग्रजी हजेरीपटावर जन्मभर शेवटी राहिलेल्या एखाद्या झेंड्यांना इथे आपट्यांच्या आधी उभं राहायची संधी आहे. करव्यवस्थेत न्याय असो वा नसो, अक्षरांना तरी तो मिळतो.

माझे वडील महाराष्ट्राच्या विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. हयात माझगावच्या विक्रीकर भवनाशी पत्रव्यवहार करण्यात गेली. एकदा ते आमच्याकडे आले असताना निवडणुकीचा हंगाम होता आणि घरात आलेलं मतदार मार्गदर्शक पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचणारे ते एकटेच होते. इथे करवाले निवडून येतात हे वाचून त्यांनी चष्मा काढला.

“अरे, मग याची बदली कोण करतं?”

“कोणी नाही, बाबा. निवडून आलेला असतो ना तो.”

“मग त्याला धाक कसला?”

“पुढच्या निवडणुकीचा.”

“हॅः!” बाबा म्हणाले. “तिची तारीख आधीपासून माहीत असते. बदली मार्चमध्ये सुद्धा येते, मुलांच्या परीक्षा चालू असताना.”

बाबांच्या या एका वाक्यात सरकारी नोकरीचं सगळं राज्यशास्त्र होतं. पण करवाला निवडून द्यावा हे कॅलिफोर्नियाला सुचलं कसं, याचं उत्तर त्यात नव्हतं. त्यासाठी १८७९ सालात जावं लागतं.

त्या काळी राज्याचं पोट मुख्यतः मालमत्तेवरच्या करावर भरायचं. घर, शेत, गुरं यांचं मोल ठरवायचं काम प्रत्येक काउंटीच्या असेसरकडे होतं आणि हा असेसर गावकऱ्यांनीच निवडून दिलेला असायचा. काउंटीचं एकूण मोल जितकं कमी दिसेल, तितका तिनं राज्याला द्यायचा वाटा कमी. मग व्हायचं ते झालं. बागांत फळं लगडलेली, गोठ्यात गुरं मावेनात, आणि असेसरच्या वहीत मात्र बारमाही दुष्काळ. शेजारच्या काउंटीनं पाहिलं, की हे लोक आपल्यापेक्षा गरीब दिसतायत. तिनंही आपली गरिबी वाढवली. गरीब दिसण्याच्या या शर्यतीला पंच हवा होता. म्हणून त्या वर्षीच्या नव्या राज्यघटनेत हे मंडळ आलं. काउंट्यांचे आकडे एका पातळीवर आणायचे आणि जिथे वही फारच रडकी असेल तिथे अख्ख्या काउंटीचं मोल वाढवून टाकायचं, हे त्याचं काम. पंच राज्यपालाच्या मर्जीतला नको आणि रेल्वे कंपनीच्या खिशातला तर नकोच, म्हणून तो मतदारांनी निवडायचा.

रेल्वेची भीती पोकळ नव्हती. सदर्न पॅसिफिक कंपनीचा कॅलिफोर्नियावर तेव्हा असा वचक होता की कोणाचं सरकार आलं यापेक्षा कोणाची गाडी आली हे महत्त्वाचं. घटनेनं एकाहून अधिक काउंट्यांतून जाणाऱ्या रेल्वेचं मोल ठरवायचा अधिकार थेट या मंडळाला दिला. मंडळानं तो उत्साहानं वापरला. रूळ मोजले, डबे मोजले, जमीन मोजली, आणि त्या उत्साहाच्या भरात रुळांच्या कडेची कुंपणंही मोजली. कुंपणं मोजायचं काम मंडळाचं नव्हे, काउंटीचं, असं म्हणत कंपनीनं कर थकवला आणि सँटा क्लारा काउंटीचं हे भांडण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८८६ साली निकाल लागला : कुंपणं मंडळाच्या अखत्यारीत येत नाहीत, ती आकारणीत मिसळलेली आहेत, आता वेगळी काढता येत नाहीत, म्हणून अख्खा कर रद्द. काउंटी हरली. वर, निकालाचा गोषवारा छापणाऱ्यानं सुरुवातीलाच सरन्यायाधीशांचं एक तोंडी बोलणं घालून ठेवलं : समान संरक्षणाचा घटनेतला हक्क कंपन्यांनाही आहे, यावर आम्हाला युक्तिवाद ऐकायचा नाही. कंपनी ही कायद्याच्या लेखी ‘व्यक्ती’ आहे, असं पुढे सव्वाशे वर्षं अमेरिकेत जे बोललं गेलं, त्याचा दाखला म्हणून हाच खटला पुढे केला जातो. मी याच सँटा क्लारा काउंटीत कर भरतो. कंपन्यांना माणसाचे हक्क मिळावेत आणि त्याच्या मुळाशी आमच्या गावची कुंपणं असावीत, याचा नेमका अभिमान बाळगावा की खेद करावा, हे मला ठरवता आलेलं नाही.

पुढे मंडळाची भरभराट झाली. १९३३ साली मंदीनं राज्याची तिजोरी खडखडीत झाली तेव्हा अडीच टक्के विक्रीकर आला आणि तो वसूल करायला मंडळ हाताशी होतंच. त्याच वर्षी दारूबंदी उठली आणि दारूचे परवाने देण्याचं कामही याच्याच पदरात पडलं. कर आणि दारू एका टेबलावर आली की काय होतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. दक्षिण कॅलिफोर्नियातले मंडळाचे सदस्य विल्यम बोनेली यांच्या परवान्यांच्या कारभारावर वर्तमानपत्रांनी रान उठवलं, पुढे आरोपपत्र आलं, आणि बोनेलीसाहेब सीमा ओलांडून मेक्सिकोत गेले ते तिथेच राहिले. १९५४ साली मतदारांनी परवान्यांचं काम मंडळाकडून काढून घेतलं. सदस्य मात्र निवडून द्यायचेच होते.

विक्रीकर राहिला, आणि त्याबरोबर तत्त्वज्ञानही. कारण विक्रीकर म्हटला की खाणं कशाला म्हणायचं हा प्रश्न आलाच. कॅलिफोर्नियात वाणसामानावर विक्रीकर नाही. पण गरम करून दिलेल्या तयार पदार्थावर आहे. थंड सँडविच बांधून नेलं तर कर नाही, तेच तव्यावर शेकून दिलं की आहे. म्हणजे कर सँडविचवर नसून आचेवर आहे. १९९१ साली राज्यानं चटकमटक खाण्यावर कर बसवला तेव्हा तर पोटासाठी खाणं कुठे संपतं आणि जिभेसाठी खाणं कुठे सुरू होतं, याची सीमारेषा कागदावर आखायची पाळी आली. मतदारांनी पुढच्याच वर्षी तो कर उडवून लावला. हे ऐकून आपण भारतीयांनी हसू नये. २०२४च्या डिसेंबरात आपल्या जीएसटी परिषदेनं पॉपकॉर्नचे तीन वर्ण जाहीर केले : सुटा खारा पाच टक्के, पाकीटबंद बारा, आणि कॅरॅमलवाला अठरा. बाबांना हे फोनवर सांगितलं तर ते मुळीच हसले नाहीत. “बरोबर आहे,” म्हणाले. “गोड झाला की तो फराळ राहत नाही, मिठाई होते.” निवृत्ती ही फक्त पगाराची असते.

करदात्याला या मंडळासमोर उभं राहून दादही मागता यायची, आणि न्यायनिवाडा करणारे हेच निवडून आलेले पुढारी. पुढाऱ्याला निवडणुकीसाठी पैसे लागतात आणि ज्याचा कर अडकलाय त्याच्याकडे पैसे असतात. या दोन गोष्टी एकमेकींना शोधत येणारच. म्हणून १९९० साली कायदा झाला, की गेल्या बारा महिन्यांत ज्याच्याकडून अडीचशे डॉलर किंवा अधिक देणगी घेतली, त्याच्या प्रकरणात सदस्यानं बसायचं नाही. कायदा चांगलाच, फक्त दोनशे एकोणपन्नास डॉलरबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं.

अखेर २०१७ साली घडा भरला. राज्याच्या वित्त विभागानं हिशेब तपासले. कर गोळा करायला ठेवलेली माणसं सदस्यांच्या कार्यक्रमांच्या कामाला जुंपली जातात, असं त्यात निघालं. मंडळाचं तेव्हाचं मुख्यालय म्हणजे सॅक्रमेंटोतली चोवीस मजली इमारत. तिला बुरशी लागलेली होती आणि तिच्या काचांची तावदानं खाली पडलेली होती, म्हणजे रूपकाची सोय इमारतीनंच करून ठेवलेली. राज्यपाल जेरी ब्राउन यांनी सही केली आणि मंडळाचा बहुतेक कारभार नव्या सरकारी खात्याकडे गेला, अपिलं नव्या कार्यालयाकडे गेली. जवळपास ४,८०० नोकरांपैकी मंडळाकडे काही शेच उरले. नवं खातं सुरू झालं ती तारीख १ जुलै २०१७. त्याच दिवशी भारतात जीएसटी आला आणि बाबांचा विक्रीकरही इतिहासजमा झाला. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन विक्रीकर खाती एकाच दिवशी कपडे बदलून वेगळ्या नावानं उभी राहिली. बाबांच्या मते हा योगायोग नाही. जुलैमध्ये बदल्यांचा हंगाम नुकताच संपलेला असतो.

मंडळ मात्र उरलं, कारण ते राज्यघटनेत आहे आणि घटना बदलायची तर विधिमंडळाचा ठराव पुरत नाही, मतदारांचा कौल लागतो. आज त्याच्याकडे रेल्वे, वीज, दूरध्वनी, गॅसवाहिन्या अशा काउंट्या ओलांडणाऱ्या मालमत्तेचं मोल ठरवणं आहे, दारू आणि विमा कंपन्यांवरच्या करात घटनेनं दिलेला वाटा आहे, आणि अठ्ठावन्न काउंट्यांच्या असेसरांनी आकारणी कशी करावी याचे नियम घालून देणं आहे. म्हणजे मूळचंच काम : सगळ्यांना एका मापानं मोजणं.

आता गंमत अशी, की हे मापच मतदारांनी १९७८ साली मोडून ठेवलेलं आहे. त्या जूनमध्ये हॉवर्ड जार्विस नावाच्या तिरसट म्हाताऱ्याच्या मागे जाऊन कॅलिफोर्नियानं ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केलं. घरावरचा मूळ कर मोलाच्या एक टक्का, आणि हे मोल म्हणजे घर घेताना दिलेली किंमत. तीत वर्षाला फार तर दोन टक्के वाढ, घर विकलं जाईपर्यंत. समजा, एका आजींनी १९७५ साली पन्नास हजार डॉलरला घर घेतलं. पन्नास वर्षं दोन-दोन टक्के वाढूनही त्याचं कागदी मोल एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास राहतं. कर वर्षाला तेराशे-साडेतेराशे डॉलर. आता त्याच नमुन्याचं शेजारचं घर तळेगावहून आलेल्या एका अभियंत्यानं वीस लाखांना घेतलं, तर त्याचा कर वीस हजार. तोच रस्ता, तोच कचऱ्याचा डबा, तीच शाळा. आजींची गुलाबांची बाग जास्त चांगली. १९९२ साली हे गाऱ्हाणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालय म्हणालं, चालायचंच.

मला या आजींचा राग येत नाही. त्यांना त्या घरात सुखानं म्हातारं होता यावं म्हणूनच लोकांनी तो कायदा केला, आणि आणखी वीस वर्षांनी माझ्याहून नव्या शेजाऱ्याला माझा राग येईल तेव्हा मीही हेच कारण तोंडपाठ म्हणून दाखवणार आहे. पण ज्या मंडळाचा जन्म दोन काउंट्यांना एका पातळीवर आणण्यासाठी झाला, त्याच्याच देखरेखीखाली दोन शेजारी पंधरापट अंतरावर बसलेले असावेत, आणि तेही पूर्णपणे नियमाप्रमाणे, हे पाहून वाटतं की माणसांना समानता हवी असते ती आपल्याहून कमी कर भरणाऱ्यांशी.

मग या मंडळावर जाण्यासाठी रांग का लागते? कारण कालच्या सदस्यांची पुढची वाटचाल पाहण्यासारखी आहे. ब्रॅड शर्मन, ज्युडी चू, मिशेल स्टील इथून पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले. फिओना मा राज्याच्या खजिनदार झाल्या. जॉन चँग, बेट्टी यी आणि मलिया कोहेन एकापाठोपाठ कंट्रोलर झाले, आणि कंट्रोलर पदसिद्ध सदस्य असल्यामुळे पुन्हा याच मंडळावर येऊन बसले. एका माणसाला इथे दोनच कारकिर्दी मिळतात, असा नियम आहे; पण दारानं बाहेर गेलेल्याला वरच्या जिन्यानं आत यायला बंदी नाही. दुसऱ्या बाजूला माइक शेफर. १९३८ सालचा जन्म, अनेक राज्यांत अनेक पदांसाठी अनेकदा उभे राहिलेले. २०१८ साली ऐंशीव्या वर्षी चौथ्या जिल्ह्यातून निवडून आले आणि २०२२ साली पुन्हा. कोणासाठी हे पद पायरी आहे, कोणासाठी विसावा. मतदारासाठी काय आहे, एवढाच प्रश्न उरतो.

हे मंडळच रद्द करा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे मुद्दे खोडायला कठीण आहेत. हाताशी काम थोडं, जिल्हे अवाढव्य, मतदार अंधारात. आता माझ्याकडून विक्रीकर घेतो तो नेमलेला अधिकारी. त्याला मी निवडलेलं नाही आणि त्याचं नावही मला माहीत नाही. ज्याला मी निवडतो तो माझ्याकडून काहीच घेत नाही. सत्ता एकीकडे गेली, निवडणूक दुसरीकडे राहिली, आणि आम्ही दर चार वर्षांनी एका निष्पाप माणसाला मोठ्या बहुमतानं विजयी करतो.

तरीही रद्द करण्याचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आलाच, तर मी बहुधा ‘नाही’समोरचा लंबगोल काळा करीन. या मंडळाच्या सभा उघड्या असतात. कोणीही करदाता उठून दोन-चार मिनिटं बोलू शकतो. घरपट्टीवाल्यांची गाऱ्हाणी ऐकायला मंडळ वर्षातून एकदा खास सुनावणीही घेतं. नेमलेला अधिकारी आपलं म्हणणं ऐकतो तेव्हा त्याचं एक लक्ष घड्याळाकडे असतं. निवडून आलेल्याला मान डोलवावी लागते, कारण समोरचा माणूस त्याच्या एक कोटीतला एक आहे. कर काही त्यानं कमी होत नाही, आजींचा वाढत नाही आणि माझा घटत नाही. पण घामाचे पैसे देणाऱ्या माणसाला निदान एक हक्काचा श्रोता असावा, आणि ज्याच्या हातात फारसं काही उरलेलं नाही, त्याच्याइतका शांतपणे ऐकून घेणारा दुसरा कोण मिळणार?